विद्यासंस्थेचें मुख्य आसन : वऱ्हाडच्या निमित्तानें एक विचार

गादीवारसाचे कागद आमचे संग्राहक जिवापाड जपतात. कॉलेजांच्या मुख्यांच्या नेमणुकीचे कागद मात्र रद्दींत जातात. वऱ्हाडापुरतें पाहिलें तरी हें नुकसान लहान नाहीं. १९२७ च्या नोव्हेंबरांत अमरावतीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. पुढें तोच प्रश्न विद्यामंदिरांपाशीं निराळ्या रूपानें आला : आंत गेल्यावर मुख्य आसन कोणाचें ?

अमेरिकेंत कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीं १८६७ सालीं निघालेल्या हॉवर्ड विद्यापीठास त्यांच्यांतीलच पहिला अध्यक्ष, मॉर्डेकाय जॉन्सन, १९२६ सालीं लाभला. आपल्याकडे १९४६ सालीं अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांचें श्रीशिवाजी व मुंबईस डॉ. आंबेडकरांचें सिद्धार्थ, अशीं दोन कॉलेजें निघालीं. सिद्धार्थचे पहिले प्रिन्सिपॉल अ. बा. गजेंद्रगडकर हे संस्कृतज्ञ ब्राह्मण. हॉवर्डचेहि आरंभीचे अध्यक्ष गोरेच होते. तथापि दोहोंस एकाच मापानें मोजणें आम्हांस मान्य नाहीं. तेथें निवडणारेहि बहुतेक गोरेच होते. येथें निवड आंबेडकरांच्या स्वतःच्या संस्थेनें केली. आसनावर कोण बसला याहून तें कोणी दिलें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांसाठीं १ मे १९८३ रोजीं अमरावती विद्यापीठ स्थापन झालें. २०१६ च्या कायद्याप्रमाणें कुलगुरुपदासाठीं शोधसमिति किमान पांच नांवें सुचविते व कुलपति त्यांतून एक निवडतात. मागें राहिलेल्या चार नांवांचा विचार कसा झाला, हें पुढच्या संशोधकास हवें असणार. अशीं टिपणें, जुनीं असोत वा नवीं, ज्यांच्या दप्तरीं असतील त्यांनीं तीं वाळवीच्या स्वाधीन करूं नयेत, अशी आमची विनंति आहे.