उभ्या विमानातले रबर

फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात एक सहा आसनी विमान ठेवले होते. कॅप्टन अमोल यादव यांनी ते कांदिवलीच्या चारकोप भागात घराच्या गच्चीवर बांधले होते. त्याची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत उठले ऑगस्ट २०२० मध्ये. या साडेचार वर्षांची चर्चा वर्तमानपत्रांतून झाली ती नियम, कागदपत्रे आणि जिद्द या अंगांनी. आम्हाला त्यात एक वेगळा प्रश्न दिसतो. घरी बांधलेले कोणतेही विमान असे वर्षानुवर्षे उभे राहते, तेव्हा त्यातल्या रबराचे काय होते?

न फिरलेल्या इंजिनाची झीज होत नाही. रबराचे तसे नाही. ते तासांवर नव्हे, कॅलेंडरवर म्हातारे होते. लहान विमानात द्रवाच्या दाबावर चालणारी मुख्य गोष्ट म्हणजे ब्रेक आणि चाके आत ओढली जाणारे विमान असेल तर ती यंत्रणा. पायाखालच्या पेडलपासून चाकापर्यंतचा पुष्कळसा मार्ग धातूच्या नळीचा असतो. पण चाक हलते, पाय हलतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात वाकणारी नळी लागतेच. गॅरेजमध्ये तिला होज पाइप म्हणतात. उतरताना एका बाजूचा होज फुटला तर ब्रेक एकाच चाकाला लागतो आणि विमान धावपट्टी सोडून बाजूला वळते.

शाळेत आपण पास्कलचा नियम शिकवतो. पास्कलचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, प्रसिद्ध झाला. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने घेतले ते १७९५ मध्ये. मधली सव्वाशेहून अधिक वर्षे तत्त्व ठाऊक होते, अडचण होती गळतीची. दट्ट्या घट्ट बसवावा तर हलत नाही, सैल ठेवावा तर पाणी निसटते. ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेला यावरचा उपाय सुचल्याचे मानले जाते: चामड्याची वाटी, जिची कड पाण्याच्या दाबानेच भिंतीवर दाबली जाते. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. पाठ्यपुस्तकात दोन दट्ट्यांची आकृती असते, ही वाटी नसते. आमच्या मते यंत्र चालले ते तिच्यामुळे.

चामड्याची जागा पुढे रबराने घेतली. चार्ल्स गुडइयरने गंधकासह तापवलेले रबर टिकाऊ होते हे १८३९ मध्ये पाहिले. माल्कम लॉकहीडने द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट १९१७ मध्ये घेतले आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीत ते बसले. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगून मऊ होते, म्हणून जुन्या ब्रेकमध्ये द्रव असे एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण. विमानांतही हा वनस्पतिजन्य द्रव वापरला जाई आणि ओळखण्यासाठी त्याला निळा रंग दिलेला असे. त्याच्या जागी लाल रंगाचे खनिज तेल आले, पण त्यासाठी आधी रबर बदलावे लागले. तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात तयार झाले. निओप्रीन अमेरिकेत ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत १९३० साली. लाल तेलाच्या जागी चुकून दुसऱ्याच जातीचे ब्रेक ऑइल भरले की आजही नळ्या आणि ऑइल सील फुगून निकामी होतात.

तेलाचा प्रश्न सुटला तरी हवेचा राहिला. नैसर्गिक रबराच्या रेणूसाखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात, नायट्राइलमध्येही असतात. हवेतील ओझोन नेमका तेथेच साखळी तोडतो. रबर सैल पडलेले असेल तर पृष्ठभागापुरते नुकसान होते. ते ताणलेले असेल तर तुटलेली टोके दूर सरकतात, आतला ताजा थर उघडा पडतो आणि भेग खोल जाते. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात ओझोन किती आहे हे मोजण्यासाठी आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास वाकवलेल्या रबराच्या पट्ट्याच वापरल्या. भेगा दिसायला लागलेला वेळ हेच त्यांचे मोजमाप.

वाशीहून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागले की याच प्रश्नावर काम करणारा एक कारखाना लागतो. नोसिल ही कंपनी १९६१ ची. तिचा येथील नाफ्था क्रॅकर १९६८ मध्ये सुरू झाला आणि पुढे बंद पडला. रबरात घालायच्या रसायनांचे उत्पादन मात्र चालू राहिले. यातली काही रसायने रबराचे वार्धक्य लांबवणारी असतात. ती हळूहळू पृष्ठभागाकडे येतात आणि साखळीआधी स्वतःच ओझोनशी संयोग पावतात. साठा संपला की संरक्षणही संपते. (त्यांतल्या ६ पीपीडी या रसायनापासून बनणारा पदार्थ कोहो जातीच्या सामन माशांना मारतो, हे २०२० मध्ये अमेरिकेत उघड झाले. टायरच्या झिजेतून तो ओढ्यांत उतरतो.)

आता नळीची रचना पाहू. आत तेलासाठी नायट्राइल, बाहेर हवेसाठी निओप्रीन आणि मध्ये सुताची किंवा पोलादी तारेची वीण. या विणीचा कोन हा भूमितीच्या तासाला घेण्याजोगा विषय आहे. दोन्ही टोके बंद असलेल्या नळीत दाबामुळे परिघाच्या दिशेला जो ताण येतो, तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. धागा अक्षाशी थ एवढा कोन करीत असेल, तर दोन्ही ताण एकाच वेळी पेलण्यासाठी टॅन थ चा वर्ग २ असावा लागतो. म्हणजे थ सुमारे ५४ अंश ४४ मिनिटे. कोन याहून कमी असेल तर दाबाखाली नळी आखूड आणि जाड होते. जास्त असेल तर लांब होते. प्रत्यक्षात थोडा फरक पडतोच, म्हणून विमानात नळी ताणून बसवत नाहीत, लांबीच्या ५ ते ८ टक्के ढील ठेवतात. नळीवर लांबीभर एक रेघ छापलेली असते. ती रेघ पिळवटलेली दिसली तर नळी बसवताना पिळली गेली आहे.

बाहेरची भेग डोळ्यांना दिसते. आतली दिसत नाही. नायट्राइलमध्ये मऊपणासाठी घातलेली द्रव्ये तेल हळूहळू काढून घेते, पण तेल त्यांची जागा भरते म्हणून रबर लवचीक राहते. विमान उभे ठेवायचे म्हणून कोणी तेल काढून टाकले की आतला थर आकसतो, कडक होतो आणि पुढे वाकवताना चिरतो. अशी नळी बाहेरून नवी दिसते.

त्यामुळे नळीवर छापलेली तारीख, म्हणजे वर्ष आणि त्याची कितवी तिमाही, महत्त्वाची. पायपर विमानांच्या तेल थंड करणाऱ्या यंत्रणेच्या रबरी नळ्यांसाठी अमेरिकी विमान प्रशासनाने १९९५ च्या आदेशात मर्यादा घातली ती ८ वर्षे किंवा १००० तास, जे आधी होईल ते. वर्षाकाठी पन्नास तास उडणाऱ्या विमानाचे आठ वर्षांत चारशेच तास होतात, तरीही नळी बदलायची. टेफ्लॉनच्या नळ्यांना या आदेशातून सूट मिळते. टेफ्लॉनमध्ये दुहेरी बंधच नसतात. तिची खोड वेगळी: वापरात ज्या वळणात बसली ते वळण ती धरते आणि काढल्यावर सरळ करू गेले तर मोडते.

कारखान्याच्या विमानासाठी असे आदेश निघतात. घरी बांधलेल्या विमानासाठी ही वही बांधणाऱ्यानेच ठेवायची असते. अमेरिकेत बांधणाऱ्याला त्याच्या विमानाच्या वार्षिक तपासणीचा दाखलाही मिळू शकतो. आपणच बसवलेली, न वापरलेली, स्वच्छ दिसणारी नळी केवळ तारखेमुळे कापून टाकायची, हे अशा माणसाला जड जाते.

वर्गात हे दाखवायला विमान लागत नाही. तीन रबरबँड घ्या. एक लाकडी पट्टीवर ताणून खिडकीबाहेर सावलीत ठेवा, दुसरा तेथेच सैल टांगा, तिसरा ताणून घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करा. दर आठवड्याला भिंगातून पाहून तारखेसह नोंद करा आणि पहिल्या भेगा ताणाच्या दिशेला समांतर आहेत की काटकोनात, हे विद्यार्थ्यांना सांगू द्या.