उतारवय आणि दत्तकाचा अधिकार

फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने दत्तकाचा अधिकार पन्नाशी उलटलेल्या निपुत्रिकांसच दिला. औरस संततीची आशा मावळल्यावाचून परक्याचे मूल घरात येऊ नये, हा त्यातील हेतू. हिंदु धर्मशास्त्राने वयाची कमाल मर्यादा कधी घातली नाही. मरणशय्येवरील दत्तकही ग्राह्य ठरे. १९५६ च्या कायद्यानेही ती घातली नाही.

दुसऱ्या बाजीरावाने १८२७ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, ब्रह्मावर्तास नानासाहेबांस दत्तक घेतले. १८५१ साली तो निवर्तला, तेव्हा तंटा उपस्थित झाला तो वयाचा नव्हे. खाजगी मालमत्ता दत्तकपुत्राकडे गेली. सालीना ८ लक्षांचे पेन्शन मात्र कंपनीने बंद केले. दत्तक खरा, पण पेन्शन व्यक्तिगत, असा हा अजब न्याय! दाद मागण्यास नानासाहेबांनी अजीमुल्लाखानास विलायतेस धाडले. तो रिक्तहस्ते परतला.