एकशे एक वर्षांचे कर्ज आणि नर्मदेवरील पूल

जन्मभर साहित्य शिकविलेल्या माणसाने रेल्वेच्या पुलावर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु जुने कागद वाचण्याची सवय जडली की दगडी बांधकामही दस्तऐवजासारखे वाचावेसे वाटू लागते. बडवाह आणि मोरटक्का यांच्या दरम्यान नर्मदेवर उभा राहिलेला पूल हा माझ्या दृष्टीने असाच एक दस्तऐवज आहे.

१८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज शेकडा साडेचार, मुदत १०१ वर्षे, जमीन विनामूल्य. संस्थानिक धनको आणि साम्राज्य ऋणको, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. तरीही ‘होळकर स्टेट रेल्वे’ या नावावरून मार्ग संस्थानाच्या ताब्यात होता, असे समजू नये. नाव धनकोचे, कारभार ऋणकोचा! १८८२ मध्ये हा मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत सामील झाला आणि ते नावही मागे पडले.

खांडव्याहून सनावदपर्यंत गाडी १८७४ मध्ये आली. पुढे नर्मदा आडवी होती. तिच्यावरील पूल १८७६ मध्ये खुला झाला. त्यानंतर विंध्याचा घाट. कालाकुंड ते पातालपाणी या टप्प्यात चाळीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. बोगदे आणि खोल नाल्यांवरचे उंच पूल ओलांडीत गाडी चढे, आणि तिला मागून रेटण्यासाठी आणखी एक इंजिन जोडावे लागे. १८७८ मध्ये इंदूर खांडव्याला, आणि पर्यायाने मुंबईला, जोडले गेले. (कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना घाटाची थोरवी निराळी सांगावी लागत नाही.)

मी हा पूल किती वेळा ओलांडला याची गणती नाही. लहानपणी वडील खिडकीतून नदीत पैसा टाकायला देत; पुढे परीक्षेच्या कामासाठी खांडव्याला जाताना तीच सवय हाताला राहिली. पण गाडीत बसलेल्याला नदी दिसते, पूल दिसत नाही, हे ध्यानात यायला मला सत्तरी ओलांडावी लागली. रुंद मार्गाच्या कामासाठी महू-सनावद मीटरगेज २०२३ च्या आरंभी बंद होणार, असे कळले. त्याआधीच्या डिसेंबरात एका माजी विद्यार्थ्याला सोबत घेऊन मी खेडीघाटावर गेलो. पहाटेचे धुके होते. ते विरळ होऊ लागले तेव्हा प्रथम खांब दिसले, मग वरचे लोखंड, आणि त्यावरून मुंगीच्या गतीने जाणारी पाच-सहा डब्यांची गाडी. मी घाईने तीन छायाचित्रे घेतली. दोन हलली. तिसऱ्यात गाडीचा शेवटचा डबा तेवढा राहिला आहे.

ते छायाचित्र पाहताना मला नेहमी कर्जाची मुदत आठवते. १८७० नंतरची १०१ वर्षे म्हणजे १९७१. तोपर्यंत साम्राज्य १९४७ मध्ये गेले होते आणि होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले होते. करार करणाऱ्या दोन्ही सत्ता मुदत संपण्याआधीच लोपल्या. गाड्या मात्र त्या मुदतीनंतरही अर्धशतक नर्मदा ओलांडीत होत्या.

या व्याख्यानासाठी शाळेच्या जुन्या सहलींची छायाचित्रे मी चाळली. एकात पंधरा-वीस मुले नदीकाठी ओळीने उभी आहेत आणि त्यांच्या डोक्यांवरून पूल गेला आहे. पाठीमागे मुलांची नावे सुवाच्य अक्षरात लिहिली आहेत. साल नाही, पुलाचे नाव नाही. श्रोत्यांपैकी कोणी त्या ओळीत असेल, तर व्याख्यानानंतर मला अवश्य भेटावे.