एका शब्दाचा अर्थसंकोच : लोस रोदेओस, १९७७

शब्दाच्या अर्थाचा संकोच हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा व्यापार आहे. संस्कृतात प्रथम कोणत्याही वन्य पशूस लागणारा 'मृग' हा शब्द पुढे हरणापुरता उरला. हा बदल कोणी ठरवून घडविला नाही; तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून आपसूक घडून आला. विमानवाहतुकीच्या इंग्रजीतील 'टेक-ऑफ' या शब्दाचा इतिहास मात्र याहून निराळा आहे. त्याचा अर्थ नियमाने आणि जाणूनबुजून आखडण्यात आला, व त्या निर्णयामागे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील लोस रोदेओस विमानतळावर झालेला ५८३ माणसांचा मृत्यू आहे.

त्या दिवशी शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरील विमानतळात बाँबस्फोट झाल्यामुळे तेथे उतरावयाची अनेक विमाने लोस रोदेओसकडे वळविण्यात आली होती. विमानांच्या गर्दीने नेहमीचा जोडमार्ग अडला होता. त्यामुळे सुटणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच उलट दिशेने तिच्या टोकापर्यंत जावे लागत होते. के. एल. एम. या डच कंपनीचे बोइंग ७४७ टोकाला पोहोचून वळून उभे राहिले होते. पॅन अमेरिकन कंपनीचे तशाच बनावटीचे विमान त्याच्या मागोमाग त्याच धावपट्टीवरून येत होते. धुके दाट होते. दोन्ही विमाने परस्परांना दिसत नव्हती, नियंत्रकास त्यांपैकी एकही दिसत नव्हते, आणि विमानतळावर भूमीवरील हालचाल दाखविणारे रडार नव्हते. अशा स्थितीत धावपट्टीची वस्तुस्थिती जाणण्याचे एकच साधन उरले होते, ते म्हणजे रेडिओवरील बोलणे.

येथे दोन प्रकारच्या अनुमतींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. उड्डाणानंतर विमानाने कोणत्या मार्गाने व किती उंचीपर्यंत जावे हे सांगणारी ती मार्गानुमती. धावपट्टीवरून प्रत्यक्ष निघण्यास परवानगी देणारी ती उड्डाणानुमती. डच सहवैमानिकाने एकाच संदेशात आपण टेक-ऑफला सिद्ध असल्याचे कळविले आणि मार्गानुमतीची वाट पाहत असल्याचेही सांगितले. नियंत्रकाने उत्तरादाखल केवळ मार्गानुमती दिली. परंतु टेक-ऑफनंतर उजवीकडे वळावे अशी सूचना तीत असल्याने तो शब्द याही वाक्यात आला. सहवैमानिक ही सूचना परत वाचून दाखवीत असतानाच कप्तान डच भाषेत 'वी खान', म्हणजे 'आपण निघालो', असे म्हणाला व विमान धावू लागले. सहवैमानिकाने आपला संदेश घाईने संपविला तो 'वुई आर नाउ अ‍ॅट टेक-ऑफ' या शब्दांनी.

हे वाक्य अभ्यासकांच्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म आहे. ध्वनिमुद्रणावरून त्याचा शेवटचा भाग नेमका कसा वाचावा याविषयीही मतभेद आहेत. नियंत्रकाने त्याचा अर्थ 'आम्ही टेक-ऑफच्या जागी उभे आहोत' असा घेतला. बोलणाऱ्याच्या लेखी तो 'आम्ही उड्डाण करीत आहोत' असा होता. स्टीव्हन कुशिंग यांनी 'फेटल वर्ड्‌स' (१९९४) या ग्रंथात या घोटाळ्याची संगती मातृभाषेच्या प्रभावाने लावली आहे. डच भाषेत चालू क्रिया दाखविण्यासाठी क्रियावाचक रूपापूर्वी 'आन हेत' हे शब्द येतात. त्या 'आन'चा पडसाद इंग्रजी 'अ‍ॅट'मध्ये उमटला असावा, असे हे प्रतिपादन आहे. संकटाच्या क्षणी शब्द परभाषेचे व सांगाडा स्वभाषेचा असे होणे द्विभाषिकांच्या बाबतीत अपरिचित नाही.

तथापि सर्व दोष मातृभाषेच्या माथी मारणे पुरेसे ठरत नाही. संदिग्धता ही कोणत्याही नैसर्गिक भाषेची स्वाभाविक अवस्था होय. मराठी घरात हाक आली की माणूस जागचा न हलता 'आलो' म्हणतो. रूप भूतकाळाचे, आशय नजीकच्या भविष्याचा. पण त्यामुळे कोणाची फसगत होत नाही. कारण ऐकणारा समोर असतो, प्रसंग दोघांना ठाऊक असतो, आणि शंका आलीच तर पुन्हा हाक मारता येते. अर्थाचा निर्णय वाक्य एकटे करीत नाही. परिस्थिती त्याला साहाय्य करते. लोस रोदेओस येथे धुक्याने हे साहाय्य काढून घेतले होते.

उरलेले काम माध्यमाने केले. डच संदेशाला नियंत्रकाने 'ओके' असे उत्तर दिले, क्षणभर थांबून 'टेक-ऑफसाठी थांबा, मी बोलावीन' अशा अर्थाचे वाक्य जोडले. नेमक्या त्याच वेळी अमेरिकन विमानाने 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असे कळविले. एकाच लहरीवर दोन प्रक्षेपणे एकदम झाली की श्रोत्याला दोन्ही नीट ऐकू येत नाहीत. एक कर्कश शीळ तेवढी उमटते. डच विमानात 'ओके' स्पष्ट ऐकू आले आणि पुढचे शब्द त्या शिळेत विरले. यानंतर नियंत्रक व अमेरिकन वैमानिक यांच्यात धावपट्टी मोकळी झाल्यावर कळविण्याविषयी झालेले बोलणे डच विमानात ऐकू आले होते. ते अमेरिकन विमान अजून बाहेर पडले नाही काय, असे उड्डाण-अभियंत्याने विचारलेही. कप्तानाने ठामपणे 'पडले आहे' अशा अर्थाचे उत्तर दिले. विचारलेला प्रश्न योग्य होता. तो पुन्हा विचारला गेला नाही. काही सेकंदांतच टक्कर झाली. डच विमानातील २४८ जणांपैकी कोणी वाचले नाही. अमेरिकन विमानातील ३३५ जण मृत्यू पावले व ६१ वाचले.

स्पॅनिश चौकशी-अहवालाने कप्तानाने अनुमतीविना उड्डाण केले यावर मुख्य भर दिला. डच पक्षाने परस्पर गैरसमजाकडे बोट दाखविले, तरी भरपाईचे दायित्व अखेर के. एल. एम.ने स्वीकारले. दोषनिर्णयाचा वाद बाजूस ठेवला तरी नियमांत झालेला बदल बोलका आहे. उड्डाणानुमती देताना किंवा ती रद्द करताना, एवढ्याच प्रसंगी 'टेक-ऑफ' हा शब्द उच्चारावा. अन्यत्र 'डिपार्चर' म्हणावे, असे ठरले. म्हणजे बोलणाऱ्याचे इंग्रजी सुधारण्यावर न विसंबता चूक करण्याची संधीच शब्दातून काढून घेण्यात आली.

हा उपाय कोठवर पुरतो हे पुढील घटनांवरून दिसते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ न्यू यॉर्कजवळ इंधन संपून कोसळले. १५८ पैकी ७३ जण दगावले. आणीबाणी असल्याचे कळवावे, असे कप्तानाने सहवैमानिकास स्पॅनिशमध्ये बजावले होते. त्याने नियंत्रकास सांगितले ते इतकेच, की इंधन संपत आले आहे; आणि कप्तानास मात्र 'सांगितले' असे उत्तर दिले. तत्पूर्वी अग्रक्रम हवा असे कळविण्यात आले होते, पण 'इमर्जन्सी' हा विहित शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. येथे व्याकरण चुकले नव्हते. ज्या शब्दाने ऐकणाऱ्यावर कर्तव्य येऊन पडते तो शब्द टाळला गेला होता.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरी येथे सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्यू पावले, तेव्हा परभाषेतील संभाषणाचा प्रश्न भारताच्या आकाशातच उभा राहिला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ मध्ये भाषाप्रावीण्याच्या सहा पायऱ्या निश्चित करून वैमानिक व नियंत्रक यांना किमान चौथी पायरी आवश्यक ठरविली. ही अट २००८ पासून लागू झाली. केवळ विहित वाक्ये पाठ असून भागत नाही, अनपेक्षित प्रसंगी साध्या भाषेत बोलता आले पाहिजे, ही जाणीव त्यात आहे.

या इतिहासातून दोन प्रवृत्ती स्पष्ट होतात. एक भाषेला आखडून निर्धोक करू पाहते, दुसरी बोलणाऱ्याला अधिक समर्थ करू पाहते. पहिलीवाचून नित्याचा व्यवहार सुरक्षित राहत नाही. दुसरीवाचून अनपेक्षित प्रसंग निभावत नाही. परंतु उड्डाण-अभियंत्याच्या त्या प्रश्नाचे काय, याचे उत्तर या दोहोंपैकी एकीतही पूर्णपणे सापडत नाही. तो प्रश्न त्याने आपल्या मातृभाषेत, जवळच बसलेल्या माणसाला, निःसंदिग्ध शब्दांत विचारला होता. त्याला अडविले ते भाषेने नव्हे, तर अधिकाराच्या अंतराने. म्हणून विमान-संभाषणाच्या अभ्यासकाला शब्द आणि वाक्य यांच्या पलीकडे जाऊन, कोण कोणाला पुन्हा विचारू शकतो, हेही तपासावे लागते.