मालगाडी ॲपमध्ये का दिसत नाही? ठाणे-कल्याणच्या रुळांवर कुणाचा माल धावतो

फोनवर लोकल कुठे आहे ते दिसतं, एक्सप्रेस किती लेट आहे ते दिसतं. पण कोपरच्या वरच्या पुलावरून पंचेचाळीस डब्यांची कंटेनर गाडी खडखडत जाते, तेव्हा ती कुठून आली, कुठे चालली आणि आत कुणाचा माल आहे हे कुठल्याच ॲपमध्ये सापडत नाही. ही माहिती नसते असं नाही. रेल्वेकडे ती डब्या-डब्याची असते, फक्त ती तुमच्यासाठी बनवलेली नसते. या लेखात आपण ती व्यवस्था कशी चालते, ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात मालगाडीचे गिराईक कोण आहेत आणि त्याचा तुमच्या रोजच्या प्रवासाशी काय संबंध आहे, ते पाहू.

आधी नकाशा

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली हे शाळेत पाठ झालेलं असतं. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत आले. तिथून एक फाटा कसाऱ्याकडे थळ घाटात जातो आणि दुसरा कर्जतकडे बोरघाटात. दोन्ही घाटांत सर्वात तीव्र चढ १:३७ चा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. भरलेली मालगाडी एका इंजिनाने हा चढ चढू शकत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. कल्याणला इंजिन शेड, यार्ड आणि एवढा पसारा आहे त्यामागे हे घाट आहेत.

आता नकाशात दिवा शोधा. दिवा-वसई आणि दिवा-पनवेल हे दोन मार्ग लोकलच्या नकाशात बारीक रेषेने दाखवतात, पण मालवाहतुकीच्या दृष्टीने खरे हायवे तेच आहेत. गुजरात-राजस्थानकडून येणारी मालगाडी वसई रोडला वळते आणि जुचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड करत कोपरला मेन लाईनच्या डोक्यावरून जाते. मग दातिवली, निळजे, तळोजा, कळंबोली, आणि तिथून जेएनपीटी बंदर किंवा कोकण. मुंबई शहरात पाऊल न ठेवता पश्चिम, मध्य आणि कोकण रेल्वे एकमेकींना इथे जोडल्या जातात. कोपरला खालच्या प्लॅटफॉर्मवरून लोकल आणि वरच्या रुळांवरून मालगाडी असा दुमजली देखावा दिसतो तो यामुळे.

गिराईक कोण?

सर्वात मोठं गिराईक म्हणजे न्हावा शेवाचं बंदर, जे १९८९ मध्ये सुरू झालं. तिथले कंटेनर उत्तर भारतातल्या कोरड्या बंदरांकडे, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या कस्टम्सच्या आगारांकडे, गाडीने जातात. कंटेनर गाड्या चालवणारी सरकारी कंपनी कॉनकॉर १९८८ ची. २००६ पासून खाजगी कंपन्यांनाही स्वतःच्या कंटेनर गाड्या चालवायला परवानगी मिळाली. म्हणून सपाट डब्यांवर वेगवेगळ्या कंपन्यांची नावं दिसतात. इंजिन आणि रूळ मात्र रेल्वेचेच.

त्यानंतर कळंबोली. इथल्या लोखंड बाजारासाठी पोलादाच्या कॉइल आणि प्लेट गाडीने उतरतात. तुर्भ्याला मालधक्का आहे, ट्रॉम्बेहून पेट्रोलियमच्या टाकी-गाड्या निघतात, थळच्या आरसीएफ कारखान्याचं खत आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल-पक्का माल पेण-पनवेलच्या बाजूने येतो-जातो. कल्याणलाही मालधक्का आहे.

भिवंडी रोडची गोष्ट जरा वेगळी आहे. भिवंडीच्या आजूबाजूला, अंजूरफाटा ते माणकोली आणि पुढे नाशिक हायवेपर्यंत, गोदामांचं जंगल उभं आहे. तुमच्या ऑनलाइन ऑर्डरचा निम्मा संसार तिथेच पॅक होतो. इतकी वर्षं हा सगळा माल ट्रकने जायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या, रेल्वेला मालाची गरज वाटू लागली, आणि भिवंडी रोड स्टेशनवरून पार्सल गाड्या सुटायला लागल्या. कोलकात्याजवळ संकराईल आणि गुवाहाटीजवळ आझारा हे त्यांचे लांबचे मुक्काम. गोदाम स्टेशनच्या उशाला आणि माल दोन-अडीच हजार किलोमीटर दूर जाणार, असं गणित जुळलं तर रेल्वे ट्रकला हरवते.

काही गिराईक इतिहासजमा झाले. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस रेल्वेने १९२९ साली स्वतःच्या विजेच्या गाड्यांसाठी सुरू केलं होतं. त्याला कोळसा गाडीनेच यायचा. १९८० च्या दशकात ते बंद झालं, कोळशाच्या गाड्याही थांबल्या.

डोंबिवलीचा कारखानदार मालगाडी का वापरत नाही?

समजा डोंबिवली एमआयडीसीत तुमचा रंगांचा कारखाना आहे आणि ९ टन माल कोलकात्याला पाठवायचाय. दोन किलोमीटरवर रूळ आहेत. तरी तुम्ही ट्रकच मागवणार, कारण रेल्वे आज सुटा डबा जवळजवळ विकतच नाही. ती विकते आख्खी गाडी. तिला रेक म्हणतात.

बंद डब्यांचा रेक प्रकारानुसार साधारण ४२ ते ५८ डब्यांचा असतो, आणि माल बसतो अंदाजे २५०० ते ४००० टन. एका मोठ्या ट्रकमध्ये १६ ते २० टन धरले तर हे झाले दीडशे-दोनशे ट्रक. एवढा माल एका वेळी, एका ठिकाणाहून, एकाच ठिकाणी पाठवणारे गिराईक म्हणजे सिमेंट, खत, पोलाद, धान्य, कोळसा, तेल. रंगवाला त्यात बसत नाही. २० डब्यांच्या मिनी रेकची सोय आहे, पण तीही त्याच्यासाठी डोंगराएवढीच.

पूर्वी असं नव्हतं. एकेक डबा भरून द्यायचा, रेल्वे तो यार्डात नेऊन दुसऱ्या डब्यांबरोबर जोडायची, पुढच्या यार्डात परत तोडायची. कल्याणच्या यार्डाचं मोठं काम हेच होतं. पण डबा धावण्यापेक्षा यार्डात उभाच जास्त राहायचा, म्हणून १९८० च्या दशकापासून रेल्वे पूर्ण रेककडे वळली. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर छोटी-छोटी पॅकेट पाठवणं सोडून फक्त मोठ्या फाइली घ्यायचं ठरवलं. वेग वाढला, छोटे गिराईक गेले.

अमेरिकेत हे छोटे गिराईक सांभाळायला वेगळ्या छोट्या रेल्वे कंपन्या आहेत. पन्नास-शंभर मैलांचा मार्ग, दोन-चार इंजिनं, गावातली एखादी लाकूड गिरणी किंवा धान्याचं कोठार हे गिराईक. ती कंपनी चार-पाच डबे गोळा करून मोठ्या रेल्वेच्या हवाली करते. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं नाव म्हणजे विदर्भातली शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा कापसासाठी बांधलेला खाजगी कंपनीचा नॅरोगेज मार्ग. ठाणे जिल्ह्यात असं काही नाही. इथे ते काम ट्रकवाले करतात आणि त्याची किंमत मुंब्रा बायपासवर वसूल होते. न्हावा शेवाच्या कंटेनरपैकी रेल्वेने जाणारे पाचव्या हिश्श्याहूनही कमी, उरलेले ट्रेलरवर. त्यातले भिवंडी-नाशिक-गुजरातकडे जाणारे कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास असे येतात. २०१८ मध्ये हा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता, तेव्हा ऐरोलीपासून कल्याणपर्यंत काय हाल झाले ते तिथल्या कुणालाही विचारा.

आणखी एक अडचण भाड्याची. मालाचं भाडं वजन, अंतर आणि मालाचा वर्ग यावर ठरतं. वर्ग १०० म्हणजे मूळ दर, वर्ग १५० म्हणजे दीडपट. पण साधारण नियम असा की अंतर कितीही कमी असलं तरी किमान १०० किलोमीटरचं भाडं लागतं. बंदर ते भिवंडी हे अंतर त्याहून कमी. वर दोन्ही टोकांना ट्रक लागणार, चढवणं-उतरवणं दोनदा. जवळच्या अंतरात ट्रक जिंकतो तो असा.

रेक बुक कसा होतो

गिराईक आधी मागणी नोंदवतो. पूर्वी त्यासाठी मालधक्क्यावर जाऊन फॉर्म भरावा लागे, आता ऑनलाइन मागणी करता येते. मालवाहतुकीसाठीचं वेगळं पोर्टल रेल्वेने जानेवारी २०२१ मध्ये आणलं. रिकामा रेक मिळाला की तो धक्क्यावर लागतो आणि घड्याळ सुरू होतं. भरायला-उतरवायला ठरावीक तास फुकट. त्यानंतर विलंब आकार, ज्याचा मूळ दर डब्यामागे तासाला १५० रुपये. ४२ डबे धरा, एका तासाचे ६३०० रुपये झाले. पाऊस पडला, ट्रक अडकले, तरी मीटर चालूच. माल उतरवून धक्क्यावरच पडून राहिला तर त्याचं भाडं वेगळं.

म्हणून धक्क्यावर दोन माणसांना फार महत्त्व. एक हुंडेकरी, म्हणजे व्यापाऱ्याच्या वतीने रेल्वेची कागदपत्रं, भरणा आणि सोडवणूक करणारा. ॲप आली, पोर्टल आली, हुंडेकरी टिकून आहे, कारण रात्री दोनला रेक लागला तर पोर्टल धावत येत नाही. दुसरा माथाडी. पाठीवर गोणी वाहणाऱ्या या कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये वेगळा कायदा केला, आणि रेल्वे धक्क्यांवरच्या कामालाही माथाडी मंडळाची व्यवस्था लागू आहे.

माल भरला की रेल्वे पावती निघते, आरआर. ती ज्याच्या हातात, माल त्याचा. पाठीमागे सही करून ती दुसऱ्याला देता येते, म्हणजे गाडी चालू असताना माल विकता येतो. आता ही पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळते.

फॉइस: मालगाडीचं स्वतःचं ॲप

या सगळ्याच्या मागे जी सिस्टिम आहे तिचं नाव फॉइस. तिकीट आरक्षणाची सिस्टिम सांभाळणाऱ्या क्रिस या रेल्वेच्याच संस्थेने ती उभी केली. प्रवाशाला पीएनआर असतो तसा मालाला एफएनआर नंबर असतो. तो टाकला की गिराईकाला आपला रेक कुठे आहे ते दिसतं. तुमच्याकडे एफएनआर नाही, म्हणून तुम्हाला दिसत नाही, इतकं साधं कारण.

पण दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. प्रवासी ॲप वेळापत्रकावर उभी असतात. गाडी अमुक वेळेला अमुक ठिकाणी हवी, ती नसेल तर लेट. मालगाडीला बहुतेक वेळा वेळापत्रकच नसतं. कंट्रोल ऑफिसमधला सेक्शन कंट्रोलर लोकल आणि एक्सप्रेसच्या मधल्या फटी शोधून तिला पुढे सरकवतो. मोबाईल टॉवरवरून गाडी ओळखणारी ॲप इथे उपयोगाची नाहीत, कारण आत फोन घेऊन बसलेले प्रवासी नाहीत. आहेत ते फक्त इंजिनातले दोघे आणि शेवटच्या ब्रेकव्हॅनमधला गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. इंजिनांवर मात्र इस्रोच्या मदतीने उपग्रहावर चालणारी यंत्रणा बसवली जाते आहे, जी दर ३० सेकंदांनी जागा कळवते.

डब्याचा नंबर वाचायला शिका

ॲप नसलं तरी डोळे आहेत. डब्यावरची अक्षरं आधी बघा. बीसीएन म्हणजे बंद डबा, बॉक्सएन म्हणजे उघडा, बीटीपीएन म्हणजे पेट्रोलियमची टाकी. शेवटचा एन एअर ब्रेकचा. (सरकारी मराठीत वॅगनला वाघीण म्हणतात. हा शब्द वापरात राहायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.)

मग अकरा आकडी नंबर. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार: ३० च्या घरात बंद, ४० च्या घरात टाकी. पुढचे दोन मालक रेल्वे, मध्य रेल्वेचा ०१. पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडी क्रमांक आणि शेवटी तपासणी आकडा. हा शेवटचा आकडा कशाला? रात्री बॅटरीच्या उजेडात नंबर टिपताना चूक झाली तर कळावी म्हणून.

एक बनावट नंबर घेऊ: ३१ ०१ ०९ १२३४. सम जागांवरचे आकडे १, १, ९, २, ४. बेरीज १७, तिप्पट ५१. विषम जागांवरचे ३, ०, ०, १, ३. बेरीज ७. एकूण ५८. पुढचा दहाचा पाढा ६०, म्हणून तपासणी आकडा २. बिस्किटाच्या पुड्यावरच्या तेरा आकडी बारकोडचा शेवटचा आकडाही याच रीतीने निघतो. घरी करून बघा.

रूळ एकच, हक्कदार दोन

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. त्याआधी या तुकड्यात लांबच्या गाड्या आणि जलद लोकल एकाच रुळावर होत्या. पण दिवा-वसईच्या प्रवाशांना त्याचा फारसा फायदा नाही. या मार्गावर मेमू दिवसाला बोटांवर मोजण्याइतक्या. खारबाव-कामणच्या माणसाची एक गाडी चुकली की तास-दोन तास गेलेच, आणि तेवढ्या वेळात समोरून मालगाड्या मात्र जात राहतात. प्रवासी वाढवावेत तर मालाची जागा जाते, आणि बंदराला ती हवीच आहे.

ही कोंडी फोडू शकेल अशी एक गोष्ट म्हणजे पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिका. दादरी ते न्हावा शेवा सुमारे १५०० किलोमीटर, फक्त मालगाड्यांसाठी. विजेची तार नेहमीपेक्षा उंच, म्हणजे एकावर एक असे दोन कंटेनर रचून नेता येतात. अशी पहिली गाडी जानेवारी २०२१ मध्ये हरियाणा-राजस्थानच्या तुकड्यात धावली. वैतरणा ते न्हावा शेवा हा सुमारे १०० किलोमीटरचा आपला तुकडा मात्र सर्वात शेवटी राहिला. डोंगर, खाड्या, दाट वस्ती आणि जमिनी, सगळं इथेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कल्याण-शिळ रोडवर निळज्याच्या रेल्वे पुलाजवळ वाहतूक काही दिवस वळवली होती, ते काम याच मार्गिकेसाठी होतं. बंदराच्या कंटेनर गाड्या या नव्या रुळांवर गेल्या की वसई-दिवा-पनवेलच्या जुन्या रुळांवर जागा मोकळी होईल. ती जादा मेमूला द्यायची की भिवंडीच्या पार्सल गाड्यांना, यावर खारबावचा प्रवासी आणि अंजूरफाट्याचा गोदामवाला यांचं एकमत होणं कठीण आहे.