लाल तेलाचं कुळ

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेला, पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाजवळ, पेल्याएवढा एक डबा दिसतो. झाकण फिरवून पाहिलं तर आत बहुधा लाल तेल. पॉवर स्टिअरिंगचं तेल म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याचा जन्म स्टिअरिंगसाठी झालेला नाही. ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या घरातून इथे दत्तक आलं, आणि येताना त्या घरचा रंग, रीतभात आणि काही पापंही घेऊन आलं. कुठल्या गाडीत कुठलं तेल ओतायचं, हा गॅरेजात रोज पडणारा प्रश्न या दत्तकविधानापर्यंत मागे जातो.

आधी स्टिअरिंगची गोष्ट. अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर होता. अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरच्या खांद्यांचं काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमला लहानशी कार्यशाळा थाटली, जॉर्ज जेसप या अवजारं घडवणाऱ्या कारागिराला सोबत घेतलं आणि तेलाच्या दाबावर चाकं वळवण्याच्या खटाटोपाला लागला. त्या काळच्या हायड्रॉलिक यंत्रांत दाब सतत कोंडलेला असे, आणि कोंडलेलं तेल फट सापडेल तिथून झिरपत असे. डेव्हिसने झडप उघडीच ठेवली. गाडी सरळ चालली असेल तर तेल पंपातून निघायचं, झडपेतून मोकळं वाहायचं आणि परत डब्यात यायचं. स्टिअरिंग वळवलं की झडप एका अंगाने आवळायची आणि तेवढ्यापुरताच दाब चढायचा. हायड्रॉलिक स्टिअरिंग आजही याच युक्तीवर चालतं. या साऱ्या कथेत मला सर्वांत देखणी वाटते ती हीच गोष्ट.

पण या युक्तीने तेलाचा विसावा हिरावला. इंजिन चालू आहे तोवर ते फिरत, घुसळत, तापत राहणार. त्यामुळे ते फेसाळता कामा नये, कारण फेसातली हवा दबते आणि मग पंप कण्हायला लागतो. ते उष्णतेने विटता कामा नये, आणि थंडीच्या सकाळी काकवीसारखं जड होता कामा नये.

१९२६ मध्ये डेव्हिसने आपली गाडी चालवून दाखवली. जनरल मोटर्सने ती कल्पना उचलली खरी, पण मंदीच्या दिवसांत खर्च जड वाटला आणि काम थांबलं. दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रणा चिलखती गाड्यांत गेली. बाजारात विकायच्या मोटारीत ती आली १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये, आणि तीही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांवर आधारलेली.

तोवर शेजारच्या घरात एक तेल तयार होतं. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला होता, आणि १९४९ मध्ये त्याच्या तेलाची इयत्ता ठरवून दिली: टाइप ए. न फेसाळणारं, तापाला टिकणारं, पातळ. इंजिन ऑइलपासून ते वेगळं ओळखू यावं, गाडीखाली डाग पडला तर तो कशाचा हे कळावं, म्हणून त्यात लाल रंग घातलेला. स्टिअरिंगच्या पंपाला जे हवं होतं ते सगळं यात होतं, शिवाय ते प्रत्येक गॅरेजच्या फळीवर होतं. अमेरिकन कंपन्यांनी तेच ओतायला सांगितलं. दत्तकविधान झालं ते असं.

आणि आता पापाचा भाग. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या असतात. त्या एकमेकींना अलगद धराव्यात, गिअर बदलताना हिसका बसू नये, म्हणून तेलात घर्षण सौम्य करणारा पदार्थ घालावा लागतो. त्यासाठी तेव्हा वापरात होतं स्पर्म व्हेलचं तेल. आपल्या शेंगदाणा-करडईच्या तेलांहून त्याची जात निराळी. रसायनाच्या भाषेत तो पातळ मेणाचा प्रकार, धातूला चिकटून राहणारा आणि उष्णतेत चटकन न बिघडणारा. स्टिअरिंगमध्ये क्लच नसतोच. तिथे या घटकाची काडीची गरज नव्हती. तरीही डबा एकच, म्हणून समुद्रातल्या त्या प्रचंड जिवाच्या तेलाचा अंश स्टिअरिंगच्या नळ्यांतूनही वर्षानुवर्षं फिरला. हे वाचलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. एवढा मोठा जीव मारायचा, आणि त्याचा काही भाग जिथे उपयोगच नाही अशा ठिकाणी जिरवायचा.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घातलं आणि हा पुरवठा बंद झाला. १९६७ मध्ये आलेलं डेक्स्रॉन हे टाइप एचं वारसदार तेल नव्याने बांधावं लागलं. डेक्स्रॉन दोनच्या एका सुरुवातीच्या प्रकाराने तेल थंड करणाऱ्या कूलरचे झाळलेले सांधे खाल्ले, मग तोही सुधारावा लागला. पर्याय शोधताना होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांकडेही लक्ष गेलं, कारण त्यांच्यातून निघतं तेही पातळ मेणच.

फ्रान्समध्ये वेगळंच रामायण घडलं. सित्रोएनने १९५५ मध्ये आणलेल्या डीएस मोटारीत स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन या सगळ्यांना एकच तेल पुरवलेलं होतं. ते ब्रेकच्या तेलाच्या गोत्रातलं. ब्रेकचं जुनं तेल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण; खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून खराब होतं, एरंडेलाने होत नाही, म्हणून ते निवडलेलं. सित्रोएनचं पुढचं लाल तेल हवेतला ओलावा शोषायचं आणि आतून गंज धरायचा. शेवटी १९६६ मध्ये कंपनीने एलएचएम हे हिरवं खनिज तेल आणलं आणि त्याबरोबर सगळी रबरी सीलं बदलली. घोटाळा होऊ नये म्हणून नव्या यंत्रणेचे भाग हिरव्या रंगात रंगवले. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की सीलं गेलीच.

तेल निवडायचं म्हणजे रबर ओळखायचं, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. ब्रेकच्या सीलांचं रबर आणि स्टिअरिंगच्या सीलांचं रबर यांचं आजही जमत नाही. एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला विष.

पुढे घराण्याच्या शाखा वाढल्या. होंडाने आपलंच तेल वापरा म्हणून आग्रह धरला. जर्मन गाड्यांत हिरवं, कडाक्याच्या थंडीतही वाहणारं सीएचएफ आलं. बीएमडब्ल्यूच्या काही डब्यांवर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, असं लिहिलेलं असतं आणि काहींवर सीएचएफ. कंपनी एक, डबे दोन जातींचे. लाल तेल लाल दिसतं म्हणून चालेल, असं म्हणायची सोय त्यामुळे राहिलेली नाही. डब्यांवर अजून दिसणाऱ्या डेक्स्रॉन तीन या नावाचं तर २००६ अखेर जनरल मोटर्सने परवाना देणंच थांबवलं. आता त्या नावामागे फक्त बाटली भरणाऱ्याचा शब्द असतो.

आपल्याकडे वढू बुद्रुक म्हटलं की संभाजी महाराजांची समाधी आठवते. त्याच गावात झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) या १९८१ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना आहे, ट्रक-बसची हायड्रॉलिक स्टिअरिंग बनवणारा. डेव्हिसने ज्या ट्रकवाल्याच्या खांद्यांचा विचार केला होता, त्याच्यासाठी हे तेल अजून फिरतं आहे. लहान मोटारींतून मात्र ते निघून चाललं. १९८८ मध्ये जपानात सुझुकीच्या सर्व्होत विजेच्या मोटरवर चालणारं स्टिअरिंग आलं. आता बहुतेक नव्या मोटारींत तो डबा शोधूनही सापडत नाही.

माझ्या जुन्या गाडीत तो आहे. सहा वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या वाटेवर एका गॅरेजात पोराने तेल कमी आहे म्हणून हाताशी होतं ते ब्रेक ऑइल त्यात ओतलं. मी शेजारी उभा होतो आणि काही बोललो नाही. तीन आठवड्यांत स्टिअरिंग जड झालं, मग रॅक गळायला लागली. सीलं काढली तेव्हा ती मऊ पडून फुगली होती, बोटाने दाबली की खड्डा पडत होता. मिस्त्रींनी सगळी यंत्रणा धुऊन काढली, नवी सीलं बसवली आणि डबा माझ्यापुढे धरला. झाकणावरचा वर्षांचा काळा थर मी फडक्याने घासला. खाली तीन अक्षरं कोरलेली होती: एटीएफ.