मावळ आणि बाल्कन : डोंगरी मुलखाच्या नावांची अर्थांतरे

१

स्थलनामांचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने व्युत्पत्तीच्या अंगाने झालेला आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ या निबंधात गावांच्या व प्रदेशांच्या नावांना इतिहासाचे साधन मानले आणि कागदपत्रांच्या पलीकडचा एक मोठा प्रांत अभ्यासकांपुढे खुला केला. मात्र या मार्गाने जाणाऱ्यांच्या मनात बहुधा एक गृहीतक असते. नावावर साचलेले थर एकेक करून दूर केले की तळाशी मूळ अर्थ सापडेल, आणि तोच त्या नावाचा खरा अर्थ असेल, असे ते गृहीतक होय. वरचे थर मग अपभ्रंश, लोकभ्रम किंवा सोयीस्कर कल्पना म्हणून बाजूला टाकले जातात.

प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतकाकडे आहे. स्थलनाम हे एक चिन्ह आहे आणि कोणत्याही चिन्हाप्रमाणे त्याचा अर्थ वापरातून घडतो. त्यातही डोंगरी मुलखांच्या नावांच्या बाबतीत ही घडण विशेष ठळकपणे दिसते. कारण असा मुलूख बहुधा बाहेरून, सपाटीवरून पाहिला जातो, आणि पाहणाऱ्याची जागा नावाच्या अर्थात शिरते. पुणे जिल्ह्यातील ‘मावळ’ हे याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे. त्याच्या शेजारी ‘बाल्कन’ हे तुर्की भाषाकुलातून आलेले नाव ठेवून पाहिले, तर एकाच प्रक्रियेची दोन भिन्न फलिते समोर येतात. या तुलनेचा उद्देश दोन शब्दांचे नाते जुळवणे हा नाही. डोंगराचे नाव माणसाचे विशेषण होते, तेव्हा त्या डोंगरात राहणाऱ्या माणसाचे काय होते, हा येथील प्रश्न आहे.

२

‘मावळ’ या नावाचा प्राचीन पुरावा लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील लेण्यांत आहे. सातवाहन काळात या लेण्यांना ‘वलुरक’ म्हणत. तेथील एका प्राकृत शिलालेखात मामाल-आहारातील करजक नावाचे गाव वलुरक लेण्यांतील भिक्षूंना दिल्याची राजाज्ञा कोरलेली आहे. अभ्यासक ती गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात. ‘आहार’ म्हणजे अमात्याच्या देखरेखीखालचा प्रशासकीय विभाग. याच लेण्यांना नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव दिल्याचा लेखही तेथे आहे. क्षहरात गेले, सातवाहन आले. परंतु दानपत्रांना गाव, आहार आणि मार्ग यांची नावे लागतच राहिली. शिलालेख नावाचा अर्थ सांगत नाही, तो नाव वापरतो. ‘मामाल’ येथे करवसुलीचा, दानाचा आणि हुकुमाचा शब्द आहे.

‘मामाल’पासून ‘मावळ’पर्यंतचा प्रवास मराठीच्या ध्वनिनियमांना धरून आहे. दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’ होणे आपल्याला ‘ग्राम’–‘गाव’, ‘नाम’–‘नाव’ या जोड्यांतून परिचित आहे. स्वरमध्य ‘ल’चा ‘ळ’ होणेही तितकेच नियमित आहे. अभ्यासकांनी मामाल-आहाराची सांगड मावळाशी घातली आहे, ती भूगोल आणि ध्वनी या दोन्ही अंगांनी पटणारी आहे.

परंतु मराठी भाषकाला या नावात ‘मामाल’ ऐकू येत नाही, ‘मावळणे’ ऐकू येते. मावळ म्हणजे सूर्य मावळतो तिकडचा मुलूख, मावळतीचा प्रदेश, असा अर्थ शतकानुशतके सांगितला जातो. व्युत्पत्तिशास्त्र याला लोकव्युत्पत्ती म्हणून खाली बसवील. आपल्या दृष्टीने मात्र ही लोकव्युत्पत्ती हाच महत्त्वाचा पुरावा आहे. कारण ती बोलणाऱ्याची जागा उघड करते. मावळ हा मावळतीचा मुलूख कोणासाठी? पुणे, चाकण, सुपे, बारामती या बाजूला, देशावर उभ्या असलेल्या माणसासाठी. घाटाखाली कर्जतला किंवा पनवेलला उभ्या असलेल्या माणसाचा सूर्य त्याच डोंगरांमागून उगवतो. ‘मावळ’चा हा अर्थ देशावरच्या दप्तरात, देशावरच्या कसब्यांत आणि देशावरच्या भाषेत स्थिर झाला. नावाने दिशा सांगितली आणि ती सांगताना केंद्र कोठे आहे हेही सांगून टाकले.

मावळातल्या मावळात हीच क्रिया लहान प्रमाणावर चालू असलेली दिसते. आजच्या मावळ तालुक्यात अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ असे तीन भाग लोक मानतात. आंद्रा नदीच्या खोऱ्याला ‘अंदर’ म्हटले की फारसीची सवय असलेल्या कानाला ‘आतले’ मावळ ऐकू येते, आणि रस्त्यापासून दूर, डोंगरात शिरलेल्या त्या खोऱ्याला तो अर्थ चपखल बसतो. लोणावळ्याचा उलगडा ‘लेण्यांची आवली’ असा केला जातो. ‘लेणे’चे ‘लोणे’ कसे झाले याचा जबाब हा उलगडा देत नाही. पण कार्ले, भाजे आणि बेडसे यांच्या शेजारी वाढलेल्या गावाला तो हवासा वाटला, हे त्याच्या प्रसारावरून दिसते.

३

‘मावळ’ हे एका ठिकाणाचे नाव कधीच नव्हते, ही दुसरी लक्षणीय गोष्ट. अंदर, नाणे, पवन यांच्या दक्षिणेस पौड, मुठा, मोसे, गुंजण, कानद, वेळवंड, हिरडस, रोहिड अशी एकामागून एक खोरी भोरपर्यंत लागतात. त्यांतील काहींना कागदपत्रांत ‘मावळ’ म्हटलेले आढळते, काहींना ‘खोरे’. कधी एकाच मुलखाला दोन्ही शब्द लागतात. ‘बारा मावळ’ या शब्दप्रयोगातील बारा हा आकडाही बारा बलुत्यांसारखा रूढीचा आहे. म्हणजेच ‘मावळ’ हे सामान्यनाम आणि विशेषनाम यांच्या सीमेवर वावरणारे पद आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगत, पूर्ववाहिनी नदीच्या उगमाकडचे, दोन डोंगरसोंडांमध्ये बसलेले भातशेतीचे खोरे असा एक भूवर्ग त्यातून सुचवला जातो आणि प्रत्येक खोरे तो आपल्यापुरता विशेषनाम करून घेते.

या पदाच्या व्याकरणाने इतिहासाला एक चमत्कारिक देणगी दिली आहे. ‘मावळ’ या नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचन ‘मावळे’ असे होते. ‘मावळा’ या पुल्लिंगी नामाचे अनेकवचनही ‘मावळे’च होते. जमीन आणि माणसे यांचे रूप एकच. शिवछत्रपतींच्या चरित्राची सर्वांत जुनी म्हणून मानली जाणारी, १६९० नंतरच्या दशकात जिंजी येथे लिहिलेली सभासदाची बखर बारा मावळे काबीज केल्याचे सांगते तेव्हा तो मुलूख असतो, आणि तानाजी मालुसरे याच्या हाताखालच्या मावळ्यांविषयी बोलते तेव्हा ती माणसे असतात. फरक केवळ क्रियापदाचे लिंग आणि संदर्भ यांवरून ओळखायचा. सतराव्या शतकात ‘मावळे’ हे पद या दोन्ही अर्थांना एकत्र धरून होते. हिरडस मावळातील बांदल, गुंजण मावळातील शिळीमकर, मोसे खोऱ्यातील पासलकर, रोहिड खोऱ्यातील जेधे ही देशमुख घराणी आणि त्यांच्यामागे उभे राहणारे पायदळ यांना त्यांच्या खोऱ्यापासून वेगळे काढता येत नव्हते. मावळा म्हणजे अमुक खोऱ्याचा, अमुक देशमुखाच्या वतनातला माणूस असा ठाव त्या शब्दाला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ऐतिहासिक कादंबरी, पोवाडा, शालेय इतिहास आणि नंतर चित्रपट यांनी या रूपातील पहिला अर्थ हळूहळू गाळला. ‘मावळे’ म्हणजे फक्त माणसे, आणि तीही एका विशिष्ट निष्ठेची माणसे. आता नागपूरचा, नांदेडचा किंवा परदेशी गेलेला मराठी तरुणही स्वतःला शिवरायांचा मावळा म्हणवतो, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. सन्मान वाढला तसा ठाव सुटला.

४

येथे ‘बाल्कन’कडे वळणे उपयुक्त ठरेल, कारण सामान्यनामापासून बिरुदापर्यंतचा हाच रस्ता त्या नावाने उलट दिशेच्या मुक्कामावर नेऊन पोहोचवला आहे. ‘बाल्कन’ हा उस्मानी तुर्कीत जंगलाने आच्छादलेल्या डोंगररांगेसाठी असलेला शब्द. त्याच्या उगमाविषयी ‘चिखल’ या अर्थाचा तुर्की धातू आणि ‘उंच’ या अर्थाचा फारसी ‘बाला’ अशी दोन्ही टोके सुचवली गेली आहेत. यांतील दुसरे मराठी वाचकाला ‘बालाघाट’ या नावामुळे ओळखीचे वाटेल. शब्द सामान्य असल्यामुळे तो एकापेक्षा अधिक जागी टिकला. बल्गेरियात स्लाव लोक ज्या रांगेला ‘स्तारा प्लानिना’ म्हणजे ‘जुना डोंगर’ म्हणतात, तिला तुर्कांनी बाल्कन म्हटले. आणि तेथून फार दूर, कास्पियन समुद्राच्या पूर्वेस, तुर्कमेनिस्तानातही मोठा आणि लहान बाल्कन असे उजाड डोंगर आहेत, एका प्रांताचे नाव त्यांच्यावरून आहे. एकीकडे अरण्य, दुसरीकडे जवळजवळ वाळवंट. बारा खोऱ्यांनी ‘मावळ’ वाटून घ्यावे तसे दोन भिन्न भूप्रदेशांनी हे नाव वाटून घेतले.

नावाचे रूपांतर झाले ते नकाशाकारांच्या हातून. १८०८ मध्ये आउगुस्ट त्सॉयने या जर्मन भूगोलज्ञाने ‘बाल्कन द्वीपकल्प’ अशी संज्ञा योजली. ही रांग एड्रियाटिक समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत अखंड पसरली आहे, या समजुतीवर ती आधारलेली होती आणि समजूत चुकीची होती. उस्मानी प्रशासनाचा त्या मुलखासाठीचा शब्द ‘रुमेली’ असा होता. चुकीचा भूगोल दुरुस्त झाला तरी नाव उरले. १९१२–१३ च्या बाल्कन युद्धांनी त्याला रक्ताचा रंग दिला, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ‘बाल्कनीकरण’ हा शब्द तुकडे पडण्याचा, क्षुद्र वैरांचा पर्याय म्हणून रूढ झाला. मारिया तोदोरोवा या बल्गेरियन इतिहासकार विदुषीने १९९७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, हे नाव म्हणजे युरोपने स्वतःच्या अंगावरचे नकोसे सारे उतरवून ठेवण्याची जागा झाली.

आपणही हा शब्द त्या अर्थासकट घेतला. सत्तांतराच्या वाटाघाटींत प्रांतांना स्वतंत्रपणे सत्ता देऊ पाहणारा माउंटबॅटन यांचा पहिला आराखडा ‘प्लॅन बाल्कन’ म्हणून ओळखला जातो. मे १९४७ मध्ये सिमल्यास नेहरूंनी तो फेटाळला. भाषावार प्रांतरचनेच्या वादात बाल्कनीकरणाची भीती घालणारा पक्ष महाराष्ट्रालाही परिचित आहे. ज्यांनी तो डोंगर पाहिला नव्हता त्यांच्या तोंडी त्याचे नाव शिवीसारखे आले. मावळचे नाव गौरव झाले, बाल्कनचे नाव दूषण झाले. परंतु दोन्ही ठिकाणी क्रिया एकच घडली. नाव त्या मुलखातून सुटले आणि बाहेरच्यांच्या गरजेचे झाले.

५

नाव सुटते तेव्हा मागे राहिलेल्या मुलखाचे काय होते, हे विसाव्या शतकातील मावळात पाहता येते. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून १९१५ मध्ये टाटांच्या विद्युतगृहाने मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यास आरंभ केला. पूर्वेस इंद्रायणीकडे जाणारे पाणी पश्चिमेस वळले. पुढे मुळशी पेट्यात धरणाचे काम सुरू झाले तेव्हा १९२१ च्या रामनवमीपासून सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट त्याचे नेते झाले, आणि १९२४ पर्यंत तो चालून मोडला. मुळशीच्या शेतकऱ्यांना त्या वेळी पुन्हा ‘मावळे’ म्हटले गेले. या संबोधनात इतिहासाचा आधार होता आणि आवाहनाचे बळही होते. शब्दाला जमिनीशी जोडण्याचा तो कदाचित शेवटचा मोठा प्रयत्न होता. बिरुद मिळाले, जमीन पाण्याखाली गेली.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने ‘मावळ’ला आणखी एक अर्थ दिला. २००९ मध्ये प्रथम निवडणूक झालेल्या मावळ लोकसभा मतदारसंघात मावळ, चिंचवड आणि पिंपरी यांच्यासह पनवेल, कर्जत आणि उरण हे रायगड जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ आले. मावळतीचा मुलूख घाट उतरून समुद्राला भिडला. उरणच्या मतदाराचा सूर्य मावळ डोंगराच्या बाजूने उगवतो आणि तरीही तो मावळचा मतदार असतो. त्सॉयनेच्या द्वीपकल्पाप्रमाणेच हाही कागदावर ताणलेला डोंगर आहे.

या ताणाचा अर्थ ९ ऑगस्ट २०११ रोजी उघडा पडला. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी द्रुतगती महामार्गावर बऊर येथे जमले असता पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. पाणी देणारे खोरे आणि पाणी घेणारे शहर ही दोन्ही त्या दिवशी एकाच मावळ मतदारसंघात होती. प्रशासनाच्या नकाशावर जे एक नाव होते, ते जमिनीवर परस्परविरोधी हितसंबंधांचे दोन पक्ष होते. त्यानंतर ‘मावळ’ हा शब्द वृत्तपत्रांत काही काळ एका घटनेचे नाव म्हणून वावरला. मुळशीचेही असेच झाले. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटानंतर जमिनी विकून उद्ध्वस्त झालेल्या पिढीसाठी त्या तालुक्याचे नाव वापरले जाऊ लागले. बाल्कनप्रमाणे येथेही नाव एका रोगाचे लक्षण झाले.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष स्थलनामांच्या अभ्यासपद्धतीविषयी आहे. ‘मामाल’ हे मूळ आणि ‘मावळती’ हा भ्रम, अशी उतरंड लावली तर नावाचा दोन हजार वर्षांचा व्यवहार हातातून निसटतो. आहार, खोरे, दिशा, पायदळ, बिरुद, मतदारसंघ, गोळीबार हे सारे ‘मावळ’चे अर्थच आहेत. त्यांना समान पातळीवर ठेवून, प्रत्येक अर्थ कोणी, कोठे उभे राहून आणि कशासाठी घडवला, हे विचारले पाहिजे. असे विचारले म्हणजे कळते की यांतील बहुतेक अर्थ मावळाबाहेर घडले: दानपत्र राजसत्तेने लिहिले, दिशा देशाने दिली, बिरुद शहरी वाङ्मयाने दिले, सीमा पुनर्रचनेने आखली.

मावळाच्या आतून घडलेला अर्थ शोधायचा तर तो कोशात किंवा कादंबरीत सापडणे अवघड आहे. पवन, नाणे, अंदर अशी विशेषणे लावल्याशिवाय तेथील माणूस ‘मावळ’ हा शब्द फारसा उच्चारत नाही. त्याच्या लेखी मावळ एक नाही, प्रत्येक नदीचे मावळ वेगळे आहे. ‘मावळे’ या रूपातून गळालेली जमीन या विशेषणांत अजून शिल्लक आहे. आपल्या साहित्याच्या इतिहासाने ‘मावळा’ या प्रतिमेचा अभ्यास करताना तिचे हे अर्धे अंग पुन्हा हिशेबात धरले पाहिजे. नाहीतर ज्या खोऱ्यांवरून हे नाव आले, ती खोरी त्याच्या गौरवात भागीदार राहणार नाहीत.